विश्लेषण : १९३२ च्या हॉकी संघात सर्वोत्तम कोण? ध्यानचंद की रूपसिंग?

ऑलिम्पिकमधील पुरुषांच्या हॉकीत एका सामन्यात एकाच खेळाडूने सर्वाधिक गोल करण्याचा विक्रम आजही भारताच्या नावावर आहे. मात्र तो ध्यानचंद यांचा नाही. ११ ऑगस्ट १९३२ रोजी लॉस एंजलिसमध्ये भारताने अमेरिकेचा २४-१ असा धुव्वा उडवला, त्यातले १० गोल ध्यानचंद यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचे होते. मराठी वाचकांच्या कानावर हे नाव पडले असेल ते बहुधा क्रिकेटमुळे. सचिन तेंडुलकरने २०१० मध्ये ज्या मैदानावर नाबाद २०० धावा केल्या, ते ग्वाल्हेरचे मैदान कॅप्टन रूपसिंग यांच्याच नावाचे. १९३२ चा हंगाम भारतीय हॉकीतील सर्वाधिक गोलांच्या हंगामांपैकी एक होता. त्या हंगामात संघातला सर्वोत्तम खेळाडू कोण, थोरला की धाकटा, हा प्रश्न हॉकीप्रेमींना आजही खुणावतो. त्या निमित्ताने रूपसिंग यांच्या आयुष्याचा आणि त्या हंगामाचा हा वेध.

रूपसिंग कोण होते?

रूपसिंग यांचा जन्म ८ सप्टेंबर १९०८ रोजी जबलपूरचा. थोरले ध्यानचंद २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेत जन्मले. दोन भावांची दोन जन्मगावे का, याचे उत्तर वडिलांच्या नोकरीत आहे. समेश्वर सिंग ब्रिटिश भारतीय लष्करात होते, त्यामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड बदलीच्या हुकमाप्रमाणे हलत असे. शिक्षणाची यात आबाळ झाली. ध्यानचंद यांची शाळा जेमतेम सहा वर्षे झाली. अखेर कुटुंब झाशीत स्थिरावले. झाशी म्हटले की आपल्याला राणी लक्ष्मीबाई आठवते, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले झाशी हे लष्कराची छावणी आणि जीआयपी रेल्वेचे मोठे जंक्शन असलेले गाव होते. हॉकी रुजायला असेच गाव लागे. छावणीत पलटणींचे संघ असत, रेल्वेत कर्मचाऱ्यांचे, आणि मैदानाकडेला बघ्यांत पोरे.

ध्यानचंद वयाच्या सोळाव्या वर्षी लष्करात शिपाई म्हणून दाखल झाले आणि हॉकीत घडले ते पलटणीत. मूळ नाव ध्यानसिंग. ड्युटी संपल्यावर ते चांदण्यात सराव करत, म्हणून सोबत्यांनी नावाला चंद जोडले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. १९२६ मध्ये ते भारतीय लष्कराच्या संघातून न्यूझीलंडला गेले, तेव्हा रूपसिंग १७ वर्षांचे होते. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला भारताने पहिले ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. त्या स्पर्धेत भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले, एकही स्वीकारला नाही, आणि त्या २९ पैकी १४ एकट्या ध्यानचंद यांचे होते. (हाच संघ बोटीत बसण्यापूर्वी मुंबईत मुंबईच्या संघाकडून ३-२ असा हरला होता, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.)

म्हणजे रूपसिंग यांनी स्टिक गांभीर्याने हाती धरली तोवर घरातले आडनाव जगभर पोहोचले होते. अशा घरात धाकट्याने तोच खेळ आणि तीही आघाडीची फळी निवडणे, ही तुलनेला आमंत्रण देणारीच गोष्ट होती.

दोघे मैदानावर काय करत?

वादात शिरण्यापूर्वी हे समजून घ्यायला हवे. तेव्हाच्या हॉकीत फुटबॉलसारखीच रचना असे. एक गोलरक्षक, दोन बॅक, तीन हाफ आणि पुढे पाच आघाडीपटू. १९३२ च्या भारतीय संघाची आघाडी उजवीकडून डावीकडे अशी होती : डिकी कार, गुरमीत सिंग, ध्यानचंद, रूपसिंग आणि सय्यद जाफर. ध्यानचंद मधोमध सेंटर फॉरवर्ड, तर रूपसिंग त्यांच्या लगत डाव्या हाताला, इनसाइड लेफ्ट.

इनसाइडचे काम दुहेरी. हाफकडून चेंडू घेऊन पुढे आणायचा आणि संधी मिळताच स्वतः गोल करायचा. त्यातही डावी बाजू जास्त त्रासाची. हॉकीची स्टिक सगळ्यांसाठी उजव्या हाताचीच असते, चेंडू फक्त तिच्या सपाट बाजूने खेळता येतो. त्यामुळे डावीकडून उजवीकडे, म्हणजे गोलच्या दिशेने जोरदार फटका मारायचा तर पायांची ठेवण आणि अंगाची वळण दोन्ही नेमकी जमावी लागतात. रूपसिंग यांचे वैशिष्ट्य नेमके हेच होते. त्यांच्या फटक्याला विलक्षण जोर होता. इतका, की त्यांच्या फटक्याने कोणाला दुखापत होईल या काळजीने ध्यानचंद त्यांना आवरायला सांगत, असे म्हटले जाते. ध्यानचंद यांचा खेळ याच्या उलट. जोरापेक्षा अचूकपणा, चेंडू स्टिकला चिकटल्यासारखी हाताळणी आणि योग्य क्षणी दुसऱ्याला दिलेला पास.

थोडक्यात, एक भाऊ वाट काढणारा, दुसरा घाव घालणारा. अर्थात दोघांनाही दुसऱ्याचे काम उत्तम येत होते, म्हणूनच प्रतिस्पर्ध्यांची पंचाईत होई.

संघ लॉस एंजलिसला कसा पोहोचला?

१९३२ च्या निवडीसाठी कोलकात्यात, तेव्हाच्या कलकत्त्यात, आंतरप्रांतीय स्पर्धा झाली. ध्यानचंद यांना लष्कराने रजा नाकारली. त्यामुळे ते तिथे खेळलेच नाहीत, तरी संघात त्यांची थेट निवड झाली. रूपसिंग यांची मात्र कसोटी लागली आणि ते स्वतःच्या खेळावर संघात आले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण भाऊ मोठा म्हणून धाकट्याची वर्णी लागली असे म्हणायला इथे जागा राहत नाही.

निवड झाली, पण रूपसिंग यांनी जायला नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. कारण साधे होते. परदेशी जायचे तर अंगावर घालायला धड कपडे नव्हते. शेवटी ध्यानचंद यांनी त्यांच्यासाठी कपड्यांची सोय केली आणि हा प्रश्न सुटला. ऑलिम्पिकमध्ये १० गोलांचा विक्रम करणारा खेळाडू एका सुटावाचून घरीच राहिला असता!

कर्णधार होते लाल शाह बुखारी. संघाने आधी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, सामने खेळले आणि ३० मे रोजी कोलंबोहून बोट पकडली. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचायला ६ जुलै उजाडला. पाच आठवड्यांहून अधिक काळाचा हा समुद्रप्रवास.

जगभर मंदीचे दिवस होते. एवढा खर्च करून संघ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाठवणे युरोपातील देशांना परवडले नाही. त्यामुळे हॉकीत फक्त तीन संघ उरले : भारत, जपान आणि यजमान अमेरिका. प्रत्येकाने इतर दोघांशी खेळायचे, अंतिम सामना वगैरे काही नाही. तीन संघ आणि तीन पदके, म्हणजे अमेरिकेचे कांस्य मैदानावर उतरण्याआधीच पक्के होते.

त्या दोन सामन्यांत काय घडले?

४ ऑगस्टला भारताने जपानला ११-१ असे हरवले. ध्यानचंद यांचे ४, रूपसिंग आणि गुरमीत सिंग यांचे प्रत्येकी ३ आणि डिकी कार यांचा १ गोल. ८ ऑगस्टला जपानने अमेरिकेला ९-२ ने नमवले. उरला भारत आणि अमेरिका यांच्यातला सामना.

अमेरिकेत तेव्हा हॉकी म्हणजे प्रामुख्याने मुलींच्या महाविद्यालयांतला खेळ. पुरुषांचे हॉकी तिथे नुकतेच सुरू झाले होते. समोर होता जगज्जेता संघ. परिणाम सर्वांना ठाऊक आहे, पण तो आकडा नीट डोळ्यांसमोर आणून पाहा. सामना ७० मिनिटांचा, गोल एकूण २५. सरासरी तीन मिनिटांनाही एक गोल जास्तच पडतो. प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यावर आणून ‘बुली’ने खेळ नव्याने सुरू करायचा, त्यात गेलेला वेळ वजा केला तर अमेरिकी बचावाला श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नसणार. रूपसिंग १०, ध्यानचंद ८, गुरमीत सिंग ५ आणि सेंटर हाफ एरिक पिनिजर १. मधल्या फळीतला खेळाडूही गोल करून जातो, यावरून खेळ मैदानाच्या कोणत्या टोकाला चालला होता ते कळते.

अमेरिकेने केलेल्या एकमेव गोलचीही एक कथा आहे. भारताचे गोलरक्षक रिचर्ड ॲलन त्या वेळी गोलजवळ उभे राहण्याऐवजी चाहत्यांना स्वाक्षऱ्या देत होते म्हणे. कथा रंगवलेली असू शकेल, पण त्या सामन्यात गोलरक्षकाला दुसरे काही काम नव्हते हे खरेच आहे. १९२८ च्या संपूर्ण स्पर्धेत याच ॲलन यांनी एकही गोल होऊ दिला नव्हता.

आकडे कोणाच्या बाजूने?

ऑलिम्पिकपुरते पाहिले तर हिशेब सोपा आहे. भारताचे एकूण ३५ गोल. रूपसिंग १३, ध्यानचंद १२, गुरमीत सिंग ८, कार १, पिनिजर १. दोघा भावांचे मिळून २५, म्हणजे सुमारे ७१ टक्के. एका गोलच्या फरकाने रूपसिंग स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले. वय २३ आणि पहिलेच ऑलिम्पिक.

पण हे १३ गोल जरा सुटे करून पाहायला हवेत. जपान हा त्या तिघांतला त्यातल्या त्यात बरा प्रतिस्पर्धी. त्याच्याविरुद्ध ध्यानचंद एका गोलने पुढे होते. रूपसिंग यांनी आघाडी घेतली ती अमेरिकेविरुद्ध, जिथे बचाव कोलमडलेलाच होता. हा मुद्दा रूपसिंग यांच्या विरोधात नेहमी मांडला जातो. त्याला उत्तरही तितकेच सरळ आहे. बचाव कोलमडलेला सगळ्यांसाठीच होता. त्याच संधी ध्यानचंद यांना होत्या, गुरमीत सिंग यांनाही होत्या, १० गोल मात्र एकानेच केले. शिवाय सामना एकतर्फी झाला की पाय सैल पडतात, विसाव्या गोलनंतर एकविसावा करायची भूक राहत नाही. ती भूक टिकवणे हादेखील गुणच.

खरी गंमत पुढे आहे. हंगाम ऑलिम्पिकबरोबर संपला नाही. संघावर प्रवासखर्चाचा बोजा होता आणि तो सामने खेळूनच भागवायचा होता. त्यामुळे हे सुवर्णविजेते अमेरिकेतून इंग्लंडला आले आणि २ सप्टेंबरपासून पंधरवड्यात युरोपातील निरनिराळ्या देशांत नऊ सामने खेळले. त्यात नेदरलँड्स, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी या देशांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय लढती होत्या. दुपारी सामना, रात्री रेल्वे, असा हा प्रकार. तिथून सिलोन आणि मग भारतात गावोगाव सामने. संपूर्ण दौऱ्यात ३७ सामने झाले. ३४ जिंकले, दोन अनिर्णीत, एक अर्धवट सोडावा लागला. पराभव एकही नाही. एकूण ३३८ गोल आणि त्यातले १३३ ध्यानचंद यांचे.

म्हणजे सुमारे ३९ टक्के. ऑलिम्पिकमध्ये हेच प्रमाण ३४ टक्के होते. दौरा लांबला, पाय दमले, मैदाने आणि हवामान बदलत गेले, तसा ध्यानचंद यांचा वाटा वाढला. केवळ दोन सामन्यांच्या स्पर्धेपेक्षा ३७ सामन्यांचा हा पुरावा वजनदार आहे.

गोल हाच निकष पुरेसा आहे का?

नाही, आणि १९३२ च्या वादातली खरी अडचण इथेच आहे. आज हॉकीत प्रत्येक पास, प्रत्येक वर्तुळप्रवेश मोजला जातो. सामन्यानंतर प्रशिक्षकाच्या संगणकावर सगळा हिशेब तयार असतो. तेव्हा नोंद व्हायची ती फक्त गोलची. रूपसिंग यांच्या १० गोलांपैकी किती चेंडू ध्यानचंद यांनी पुढे ढकलले होते आणि ध्यानचंद यांच्या ८ पैकी किती रूपसिंग यांनी, हे कोणीही लिहून ठेवले नाही. एकमेकांच्या लगत खेळणाऱ्या दोन भावांच्या बाबतीत हीच माहिती निर्णायक ठरली असती.

गोलची नोंद तरी पक्की होती का? तीही सगळीकडे नव्हती. १९३६ च्या बर्लिन अंतिम सामन्याचे उदाहरण घ्या. भारताने जर्मनीला ८-१ ने हरवले याविषयी दुमत नाही. पण त्या आठपैकी ध्यानचंद यांचे गोल अनेक ठिकाणी ३ दिलेले आढळतात, तर काही वर्णनांत ते ६ पर्यंत जातात. चेंडू चार जणांच्या स्टिकांमधून आत जायचा, पुन्हा दाखवायला चित्रफीत नाही, खेळाडूंच्या पाठीवर आजच्यासारखी नावे नाहीत. पत्रकाराने टेबलावरून जे पाहिले ते छापले. अशा वेळी जास्त प्रसिद्ध नावाच्या खात्यात एखादा गोल जास्त पडला असेल तर नवल वाटायला नको.

गोलशिवायही मोठा खेळ कसा असतो, याचे उत्तम उदाहरण पुढच्याच वर्षी घडले. १९३३ मध्ये झाशी हीरोज नावाचा संघ कोलकात्याच्या बेटन चषक स्पर्धेत उतरला. बेटन चषक म्हणजे तेव्हा देशातील हॉकीची सर्वांत मानाची स्पर्धा. झाशीच्या संघात ध्यानचंद, रूपसिंग आणि जीआयपी रेल्वेत काम करणारे इस्माईल असे मोजके नावाजलेले खेळाडू. बाकीचे गावातलेच. अंतिम फेरीत गाठ पडली ती बलाढ्य कलकत्ता कस्टम्सशी. सामन्यावर कस्टम्सचेच वर्चस्व होते, झाशीचा बचाव कसाबसा तग धरून होता. अशातच ध्यानचंद यांनी मैदानाच्या मध्यातून लांब पास दिला. इस्माईल वाऱ्याच्या वेगाने धावत सुटले आणि त्यांनी सामन्यातला एकमेव गोल केला. चषक झाशीला गेला.

ध्यानचंद यांनी पुढे आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम सामना म्हणून लॉस एंजलिसचा किंवा बर्लिनचा नव्हे, तर हा सामना सांगितला. लक्षात घ्या, या सामन्यात त्यांचा गोल नाही. शेकड्यांनी गोल करणाऱ्या माणसाने स्वतःला मोजले ते एका पासने.

मग १९३२ चा सर्वोत्तम कोण?

आमच्या मते ऑलिम्पिक रूपसिंग यांचे आणि हंगाम ध्यानचंद यांचा. हे दोन्ही बाजूंना खूश ठेवणारे उत्तर नाही. प्रश्न हंगामाचा विचारला असेल तर कौल ध्यानचंद यांनाच द्यावा लागतो. १३३ गोल, तेही कर्णधारपद नसताना आणि सतत प्रतिस्पर्ध्यांच्या पहाऱ्यात राहून. प्रत्येक शहरात बचावपटूंना एक सूचना आधीच मिळालेली असे, ती म्हणजे ध्यानचंद यांना अडवा. त्यांच्याभोवती दोन-तीन खेळाडू जमले की डावीकडे रूपसिंग यांना मोकळी जागा मिळे. लॉस एंजलिसच्या १० गोलांमागे हे कारण नक्कीच असणार.

मात्र मोकळी जागा मिळणे वेगळे आणि तिचे सोने करणे वेगळे. जगातल्या सर्वोत्तम आघाडीपटूच्या शेजारी उभे राहून, पहिल्याच मोठ्या स्पर्धेत त्याला गोलसंख्येत मागे टाकणे ही नशिबाने होणारी गोष्ट नव्हे. धाकटा भाऊ आपल्यापेक्षा सरस आहे, असे ध्यानचंद स्वतः मानत, हे अनेकदा नोंदले गेले आहे. त्यात थोरल्या भावाची माया किती आणि खेळाडूची पारख किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि या सगळ्यात गुरमीत सिंग यांचे काय? दोन सामन्यांत ८ गोल करूनही या वादात त्यांचे नाव कोणी घेत नाही. दुसऱ्या एखाद्या संघात ते त्या वर्षीचे नायक ठरले असते.

पुढच्या काळात रूपसिंग कसे खेळले?

१९३५ मध्ये ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. ४८ सामने, ५८४ गोल, ध्यानचंद २०१. रूपसिंग याही दौऱ्यात भावाच्या शेजारी होते. पुढच्या वर्षीचे बर्लिन ऑलिम्पिक मात्र वाटते तितके सोपे गेले नाही. स्पर्धेपूर्वी १७ जुलै १९३६ रोजी सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. संघ हादरला. तातडीने भारतात निरोप धाडून अली दारा यांना बोलावून घेण्यात आले आणि ते उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले.

हंगेरी ४-०, अमेरिका ७-०, जपान ९-०, फ्रान्स १०-० असे करत भारत अंतिम फेरीत गेला. पावसामुळे १४ ऑगस्टचा सामना १५ ऑगस्टवर ढकलला गेला. मैदान ओले, जर्मनीचा बचाव आक्रमक, समोर सरावातल्या पराभवाची आठवण. पूर्वार्ध संपत आला तरी गोल नाही. तेव्हा कोंडी फोडणारा पहिला गोल केला रूपसिंग यांनी. मध्यंतराला १-० असा निसटता आघाडीचा आकडा. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले आणि मग गोलांचा पाऊस पडला, ही हकिकत शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. पहिल्या गोलची मात्र तितकी चर्चा होत नाही. ज्यांना १९३२ चे १० गोल दुबळ्या संघाविरुद्धचे म्हणून खटकतात, त्यांनी हा एक गोल त्यांच्या शेजारी ठेवून पाहावा.

हे रूपसिंग यांचे दुसरे आणि अखेरचे ऑलिम्पिक सुवर्ण. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचा संघ लंडनला गेला, तेव्हा ते चाळिशीला टेकले होते.

रूपसिंग मागे का पडले?

ध्यानचंद यांची तीन सुवर्णपदके, रूपसिंग यांची दोन. ध्यानचंद यांनी आत्मचरित्र लिहिले, ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो आणि २०२१ पासून देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांचे पुत्र अशोक कुमार यांनी १९७५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला, त्यामुळे पुढच्या पिढीतही हे नाव चर्चेत राहिले. रूपसिंग यांच्या वाट्याला यातले काही आले नाही. वर्णनांत त्यांची ओळख आजही बहुतेकदा ध्यानचंद यांचे बंधू अशीच सुरू होते, आणि या लेखाची सुरुवातही त्याला अपवाद नाही.

रूपसिंग यांचे आयुष्य गेले ग्वाल्हेरात. शिंदे सरकारांच्या संस्थानात, म्हणजे मराठी माणसाच्या ओळखीच्या मुलखात, ते लष्करी सेवेत होते. कॅप्टन ही उपाधी तिथली. १६ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे ग्वाल्हेरमध्येच निधन झाले. ध्यानचंद त्यांच्यामागून दोन वर्षांनी, ३ डिसेंबर १९७९ रोजी गेले.

ग्वाल्हेरने त्यांचे नाव मैदानाला दिले. मूळचे हे मैदान हॉकीचे. पुढे तिथे क्रिकेट आले. १९८८ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, १९९६ च्या विश्वचषकातली भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातली लढत झाली आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तेंडुलकरचे द्विशतक झाले. त्या दिवशी रूपसिंग हे नाव जितक्या घरांतल्या टीव्हीवर झळकले, तितके त्यांच्या हयातीत कधी झळकले नसेल. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या भुयारी रेल्वेच्या खास नकाशात स्थानकांना ऑलिम्पिकवीरांची नावे दिली होती. त्यातली तीन नावे भारतीय हॉकीपटूंची : ध्यानचंद, लेस्ली क्लॉडियस आणि रूपसिंग.

ग्वाल्हेरात आता दुसरे, नवे क्रिकेट स्टेडियम उभे राहिले आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी भारत आणि बांगलादेश यांच्यातला ट्वेन्टी-२० सामना तिथे झाला. त्या शहरातला चौदा वर्षांनंतरचा हा पहिला पुरुषांचा आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना, पण तो रूपसिंग यांच्या नावाच्या मैदानावर नव्हता.